गोळी, योनीमार्गातली कॅप्सूल की इंजेक्शन? प्रोजेस्टेरॉनचा निचरा समजून घेऊन करायची निवड

गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत बाहेरून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवून धरणारं हार्मोन, द्यायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणत्या रूपात? तोंडाने घ्यायची गोळी सोपी वाटते. योनीमार्गात ठेवायची कॅप्सूल नकोशी वाटते. इंजेक्शन दुखतं म्हणून ते शेवटी. बहुतेक जणी सोयीच्या याच क्रमाने विचार करतात आणि त्यात चूक काहीच नाही. पण हे हार्मोन रक्तात फार थोडा वेळ टिकतं. शरीर ते ज्या वेगाने आणि ज्या वाटेने बाहेर काढतं, त्यावरच या पर्यायांमधला खरा फरक ठरतो. म्हणून आधी निचरा बघू, मग पर्याय.

हा मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वाचू नका. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं हे कळावं, इतकाच याचा उपयोग. चालू असलेलं औषध हे वाचून स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका.

भांडं गळकं आहे, नळ सतत सुरू आहे

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे जो पिवळसर पिंड उरतो, तो कॉर्पस ल्युटिअम. मराठीत त्याला पीतपिंड म्हणतात. ऐन भरात असताना तो दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करतो. गर्भ राहिला की उत्पादन वाढत जातं आणि दिवस भरत येतात तेव्हा वार रोज २५० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त बनवत असते.

आता हा हिशोब बघा. पहिल्या तिमाहीत रक्तातली पातळी ढोबळमानाने १० ते ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. समजा ती २५ आहे. शरीरातला प्लाझ्मा म्हणजे रक्ताचा द्रव भाग सुमारे तीन लिटर धरला, तर त्या क्षणी रक्तात एकूण प्रोजेस्टेरॉन भरतं ७५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही! रोजचं उत्पादन पंचवीस मिलिग्रॅमच्या वर आणि हातातली शिल्लक एवढीशी. मधलं सगळं जातं कुठे? शरीर ते सतत काढून टाकत असतं.

किती वेगाने, याची मोजणी १९६० च्या दशकातच झाली आहे: दिवसाला दोन हजार लिटरहून अधिक प्लाझ्मा प्रोजेस्टेरॉनमुक्त होतो. म्हणजे तोच तीन लिटर प्लाझ्मा दिवसातून शेकडो वेळा धुऊन निघतो. थेट शिरेत प्रोजेस्टेरॉन दिलं तर काही मिनिटांतच ते निम्म्यावर येतं. त्यानंतरची घट थोडी रेंगाळते, कारण चरबीत मुरलेला काही भाग हळूहळू रक्तात परत येत राहतो.

यातलं बहुतेक काम यकृताचं. पण यकृतातून दिवसभरात जेवढा प्लाझ्मा वाहतो, त्यापेक्षा दोन हजार लिटर हा आकडा मोठाच आहे. तेव्हा उरलेला निचरा इतर ऊतींमध्ये होत असणार हे उघड आहे. मूत्रपिंड, त्वचा, मेंदू, खुद्द गर्भाशय अशा ठिकाणीही प्रोजेस्टेरॉन मोडणारी एन्झाइम्स असतात.

रक्तात फिरताना ते मोकळं नसतं. सुमारे ८० टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, १७-१८ टक्के ट्रान्सकॉर्टिन नावाच्या वाहक प्रथिनाला, आणि जेमतेम दोन टक्के मोकळं. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे ट्रान्सकॉर्टिन वाढतं, त्यामुळे हे प्रमाण थोडं हलतं. वाटेल की आता हार्मोन जास्त सुरक्षित झालं, जास्त टिकेल. पण अल्ब्युमिनची पकड इतकी सैल असते की यकृतातून जाताना ते सहज सुटतं. गरोदरपणात पातळी चढते ती निचरा मंदावल्यामुळे नाही, नळ मोठा झाल्यामुळे. पुढच्या सगळ्या तुलनेत हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

यकृत नेमकं काय करतं? प्रोजेस्टेरॉनच्या रेणूत हायड्रोजन जोडत जातं. आधी पहिल्या कड्यातला दुहेरी बंध जातो, मग दोन ठिकाणचे कीटो गट बदलतात, आणि शेवटी प्रेग्नेनडायॉल तयार होतं. त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलं की ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. काही भाग पित्तातून आतड्यात उतरतो आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती लागतो. गरोदर स्त्रियांच्या लघवीतून प्रेग्नेनडायॉल पहिल्यांदा वेगळं केलं ते गाय मॅरियन यांनी, १९२९ साली. गंमत म्हणजे शुद्ध प्रोजेस्टेरॉन हाती लागायला १९३४ उजाडलं. म्हणजे शास्त्रज्ञांना आधी कचरा सापडला, मग मूळ वस्तू. आज घरच्या घरी लघवीत प्रेग्नेनडायॉल ग्लुकुरोनाइड तपासणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या हाच कचरा मोजतात.

वाटेत एक पदार्थ असाही बनतो ज्याला कचरा म्हणता येणार नाही: ॲलोप्रेग्नॅनोलोन. तो मेंदूला शांत करणाऱ्या गाबा ग्राहकांवर काम करतो आणि गुंगी आणतो. पहिल्या महिन्यांत बसल्या जागी डोळे मिटतात, त्यामागे याचाही हात असतो. गोळीच्या बाबतीत तो पुन्हा भेटेल.

पर्याय निवडण्याआधी एक प्रश्न: तुमचा पीतपिंड आहे का?

मला वाटतं, निवडीत सगळ्यात आधी हे स्पष्ट व्हायला हवं, आणि नेमकं तेच अनेकदा बोललं जात नाही.

नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गर्भात पीतपिंड असतोच. आययूआयमध्ये, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात तेव्हाही, असतो. स्वतःच्या पाळीच्या चक्रात, बीज फुटल्यावर गोठवलेला गर्भ सोडला असेल तरीही असतो. आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) ताज्या चक्रात, म्हणजे गर्भ न गोठवता सोडतात तेव्हा, तर एकापेक्षा जास्त पीतपिंड असतात, मात्र उपचारांतल्या औषधांमुळे त्यांचा दम लवकर संपू शकतो. या सगळ्यांत बाहेरचं प्रोजेस्टेरॉन म्हणजे जोडीला लावलेला दुसरा नळ.

पण गोळ्या-पॅचने गर्भाशयाचं अस्तर तयार करून, बीज फुटू न देता गोठवलेला गर्भ सोडला असेल, तर पीतपिंड नसतोच. अंडाशय काम करत नसलेल्या स्त्रीला दात्या स्त्रीबीजापासून गर्भ राहिला असेल तिथेही तेच. अशा वेळी रक्तातला थेंबन् थेंब बाहेरून आलेला. गळक्या भांड्यावर एकच नळ, आणि तोही औषधाचा. इथे डोस चुकणं, उलटी होणं, कमी शोषलं जाणं या गोष्टींचं वजन कितीतरी पटींनी वाढतं.

हा फरक किती काळ राहतो हे आर्पाड चापो यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांवरून कळलं. सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढला तर गर्भ टिकत नसे. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकत असे. नवव्या आठवड्यानंतर काढला तर काही बिघडत नसे, कारण तोवर वारेने काम हाती घेतलेलं असे. सात ते नऊ आठवडे हा कारभार बदलण्याचा काळ. या दिवसांत पातळी किंचित खाली येऊन पुन्हा चढते हेही नेहमीचंच. त्या आठवड्यात रक्त तपासून घाबरून जाणाऱ्या बऱ्याच जणी असतात.

तोंडाची गोळी आणि योनीमार्गातली कॅप्सूल

दोन्हींत औषध तेच असू शकतं. सूक्ष्म कणांचं, म्हणजे मायक्रोनाइज्ड, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन. काही वेळा तर कॅप्सूलही तीच, फक्त ठेवायची जागा वेगळी. तरी परिणामात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

गिळलेली कॅप्सूल आतड्यात शोषली जाते आणि तिथलं रक्त थेट यकृतात जातं. म्हणजे औषध बाकी शरीरापर्यंत पोचण्याआधीच निचऱ्याच्या सगळ्यात मोठ्या कारखान्यातून जातं. मूळ रूपात रक्तात पोचतं ते दहा टक्क्यांहून कमी. पातळी पहिल्या दोन-तीन तासांत चढते आणि मग भराभर उतरते. जेवणासोबत घेतली तर शोषण वाढतं, म्हणून कधी उपाशीपोटी, कधी भरल्या पोटी असं केलं तर रोज वेगळंच चित्र दिसेल. उरलेले नव्वद टक्के वाया जातात असं नाही. ते चयापचयातले इतर पदार्थ होऊन फिरतात. त्यात ते ॲलोप्रेग्नॅनोलोनही भरपूर असतं. गोळीने झोप येते, डोकं जड होतं, कधी गरगरतं, ते यामुळे. रात्री झोपताना घ्यायला सांगतात त्याचं कारण हेच. जिला दिवसा गाडी चालवायची आहे तिच्यासाठी हा बारीक मुद्दा नाही.

योनीमार्गातून शोषलेलं प्रोजेस्टेरॉन यकृताची पहिली फेरी टाळतं. शिवाय आसपासच्या शिरा आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या धमन्या इतक्या जवळून जातात की काही भाग सगळं शरीर न फिरता गर्भाशयात पोचतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत हे फार ठळकपणे दिसलं. अंडाशयांचं काम बंद असलेल्या स्त्रियांमध्ये स्नायूतल्या इंजेक्शनने रक्तातली पातळी सुमारे ७० नॅनोग्रॅमपर्यंत गेली, योनीमार्गाने जेमतेम १२. पण गर्भाशयाच्या अस्तरात मोजलं तेव्हा पारडं उलटं झालं: योनीमार्गाने दिलेल्या स्त्रियांमध्ये ते इंजेक्शनवाल्यांच्या सुमारे आठपट होतं.

दुसरा फायदा वेळेचा. योनीमार्गात ठेवायच्या जेलची माहिती सांगते की शोषणाचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) २५ ते ५० तासांचं असतं, तर रक्तातून नाहीसं होण्याचं ५ ते २० मिनिटांचं. गळती तशीच, पण नळ बारीक धारेने दिवसभर चालू. म्हणून पातळी उंच चढत नाही आणि एकदम कोसळतही नाही. गोळीत याच्या उलट: बादलीभर पाणी एकदम ओतायचं आणि पुढच्या बादलीपर्यंत थांबायचं.

तोटे? आहेत. पांढरट स्राव, कपड्यांना डाग, कधी आग किंवा खाज. कॅप्सूलचं कवच किंवा पेसरीचा (योनीमार्गात ठेवायच्या विरघळणाऱ्या वडीचा) मेणासारखा आधार बाहेर येतो आणि औषधच पडलं असं वाटतं. बहुतेक वेळा ते नुसतं आवरण असतं. रक्तस्राव चालू असताना कसं ठेवायचं हाही प्रश्न येतो. पण ज्या मोठ्या चाचण्यांमध्ये याचा उपयोग तपासला, त्यांपैकी एक रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांमध्येच झाली आहे. फारच अडचण असेल तर काही पेसरी गुदमार्गाने वापरता येतात. तिथूनही यकृताची पहिली फेरी बऱ्याच अंशी टळते.

माझा कौल सरळ आहे: गर्भाशयापर्यंत पोचवणं हा हेतू असेल, तर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेणं हा या दोघांतला कमकुवत पर्याय. पीतपिंड नसलेल्या चक्रात तर एकट्या गोळीवर विसंबून राहू नये. सोयीसाठी तोंडानेच घ्यायचं असेल तर वेगळा रेणू आहे. तो पुढे येतो.

इंजेक्शन

तेलात विरघळवलेलं प्रोजेस्टेरॉन स्नायूत टोचलं की तिथे त्याचा साठा तयार होतो आणि तो हळूहळू रक्तात झिरपतो. नेहमीचा डोस दिवसाला ५० मिलिग्रॅम. यकृताची पहिली फेरी नाही, शोषणात माणसागणिक फारसा फरक नाही, रक्तातली पातळी भरपूर. आकडा चांगला दिसतो.

किंमत मोजावी लागते ती कुल्ल्यांना. रोज, आठवडेच्या आठवडे, जाड सुई. गाठी येतात, कधी जंतुसंसर्ग नसतानाही गळू होतं. रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं चालू असतील तर स्नायूत रक्त साकळण्याचा धोका असतो; हे डॉक्टरांना माहीत असेलच असं गृहीत न धरता स्वतः सांगावं. आणि तेल कोणतं आहे हे विचारावं. काही इंजेक्शनांत तिळाचं तेल असतं, काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं. ज्यांना यांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी बाकीची सगळी तुलना इथेच संपते.

तेलाशिवायचं, पाण्यात विरघळणारं इंजेक्शनही निघालं आहे. ते २५ मिलिग्रॅम, त्वचेखाली, बारीक सुईने स्वतःलाच टोचता येतं. तेलाचा साठा नसल्यामुळे पातळी तासाभरात शिखर गाठते. दुखणं खूपच कमी.

मग अस्तरात आठपट पोचवणारा योनीमार्ग असताना इंजेक्शन कुणी का घ्यावं? मघाचा तो १९९४ चा निकाल वाचून मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मिळतं. पीतपिंड नसलेल्या, औषधांनी तयार केलेल्या चक्रांत गोठवलेले गर्भ सोडलेल्या स्त्रियांचे तीन गट केले. रोज स्नायूतलं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ४४ टक्के, योनीमार्गाने दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम आणि दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन असं घेणाऱ्यांमध्ये ४६ टक्के, आणि नुसत्या योनीमार्गाने घेणाऱ्यांमध्ये २७ टक्के. अस्तरात भरपूर प्रोजेस्टेरॉन असणं पुरेसं ठरलं नाही. रक्तातल्या पातळीलाही काही काम असावं असं यातून दिसतं. पण या निकालात त्या डोसचाही वाटा असू शकतो, हे विसरून चालणार नाही. इतर ठिकाणी योनीमार्गाने याहून जास्त डोस दिले जातात.

व्यवहारात मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो मधला पर्याय: योनीमार्ग नेहमीसाठी, इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी. निकाल जवळजवळ सारखे, सुया एक तृतीयांश. पण हे पीतपिंड नसलेल्या चक्रांपुरतं. नैसर्गिक गर्भ राहिलेल्या स्त्रीला या चाचणीच्या आधारावर इंजेक्शन सुचवलं तर कारण जरूर विचारा.

डायड्रोजेस्टेरॉन: तोंडाने घ्यायचा वेगळा रेणू

याच्या नावातलं 'प्रोजेस्टेरॉन'शी साम्य फसवं आहे. हा नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचा वळवलेला भाऊ. अणू जवळपास तेच, पण कड्यांची जोडणी इतकी वेगळी वळलेली की त्याला मोडताना यकृताची नेहमीची हत्यारं चालत नाहीत. १९६० च्या दशकापासून तो वापरात आहे.

तोंडाने घेतल्यावर सुमारे २८ टक्के मूळ रूपात रक्तात पोचतो. मायक्रोनाइज्ड गोळीच्या तुलनेत ही मोठी झेप. शरीर त्याचं रूपांतर डायहायड्रोडायड्रोजेस्टेरॉनमध्ये करतं आणि हा पदार्थही हार्मोनसारखंच काम करतो. मूळ औषधाचं अर्धायुष्य ५ ते ७ तास, या रूपांतरित पदार्थाचं १४ ते १७ तास. म्हणजे पहिल्या फेरीत जे हातचं जातं त्याचा बराच भाग कामाला येतो. म्हणूनच १० मिलिग्रॅमच्या गोळ्या पुरतात, जिथे मायक्रोनाइज्डचे डोस शेकड्यांत असतात. प्रेग्नेनडायॉलकडे आणि ॲलोप्रेग्नॅनोलोनकडे जाणारी वाट तो धरत नाही, त्यामुळे गुंगीही कमी. त्याचा मोठा भाग लघवीवाटे जातो आणि ७२ तासांत निचरा पूर्ण होतो.

पुरावा मुख्यतः आयव्हीएफच्या ताज्या चक्रांतला आहे. २०१७ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लोटस १ आणि लोटस २ या चाचण्यांत दिवसाला ३० मिलिग्रॅम डायड्रोजेस्टेरॉन योनीमार्गातल्या कॅप्सूल आणि जेलपेक्षा कमी ठरलं नाही. ज्यांना योनीमार्गाचा पर्याय अजिबात नको त्यांच्यासाठी हा खरा तोंडाचा पर्याय. उलट्या फार होत असतील तर मात्र तोंडाने घ्यायच्या प्रत्येक औषधाला असणारी अडचण यालाही आहेच.

रक्तातला आकडा वाचताना

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. तीन जणींचा अहवाल '१२' आला तर त्या तिन्ही १२ चा अर्थ वेगळा असू शकतो.

योनीमार्गाने घेणारीच्या रक्तात १२ असेल तर अस्तरात त्यापेक्षा कितीतरी जास्त असण्याची शक्यता आहे. मायक्रोनाइज्ड गोळी घेणारीच्या १२ मध्ये चयापचयातले इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. नेहमीच्या इम्युनोअसे (प्रतिपिंडं वापरून मोजणाऱ्या) तपासण्यांना ते नीट वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे आकडा फुगतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या अचूक पद्धतीने, तोच नमुना तपासला तर कमी येतो. आणि डायड्रोजेस्टेरॉन घेणारीच्या १२ मध्ये औषधाचा भाग जवळपास नसतोच. तपासणी ते पकडतच नाही. ते १२ तिच्या स्वतःच्या पीतपिंडाचे. 'गोळ्या घेऊनही पातळी वाढली नाही' ही तक्रार यातूनच येते, आणि कधीकधी त्यापायी डोस उगाच दुप्पट होतो.

शिवाय पीतपिंड धार लावून स्रवत नाही, झटके देत स्रवतो. १९८४ साली पाळीच्या उत्तरार्धातल्या स्त्रियांचं रक्त दर काही मिनिटांनी तपासलं तेव्हा थोड्याच वेळात पातळी २.३ पासून ४०.१ नॅनोग्रॅमपर्यंत हेलकावताना दिसली. निचरा इतका वेगवान असेल तर दोन झटक्यांच्या मधे पातळी खाली येणारच. सकाळी १४ आणि दुपारी २२ आले म्हणजे दुपारी काही सुधारलं असं नव्हे.

एककही तपासा. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटर वापरतात. नॅनोग्रॅमच्या आकड्याला ३.१८ ने गुणलं की तो मिळतो. १० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ३२ नॅनोमोल. दोन अहवाल वेगवेगळ्या एककांत असतील तर 'पातळी तिपटीने घसरली' असा भास होतो.

मग आकडा कधी उपयोगाचा? दोन ठिकाणी. पहिलं, पीतपिंड नसलेल्या चक्रात योनीमार्गाने औषध चालू असताना. गर्भ सोडण्याच्या सुमारास पातळी ९-१० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर यशाचं प्रमाण कमी दिसतं, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. तेव्हा त्वचेखालच्या इंजेक्शनची जोड देता येते. दुसरं, पोटात दुखतंय किंवा रक्त जातंय आणि सोनोग्राफीत काही स्पष्ट दिसत नाही तेव्हा. बाहेरून औषध चालू नसताना आलेली ३ ते ६ नॅनोग्रॅमच्या खालची पातळी बहुतेक वेळा गर्भ वाढत नसल्याची खूण असते. पण नुसत्या या आकड्यावरून गर्भ नेमका कुठे आहे, गर्भाशयात की नलिकेत, हे सांगता येत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. गर्भाची वाढ थांबली की एचसीजी, म्हणजे गर्भाकडून येणारं हार्मोन, कमी होतं, पीतपिंडाला मिळणारा इशारा थांबतो, त्याचं स्रवणं मंदावतं आणि निचरा मात्र नेहमीच्या वेगाने चालूच राहतो. म्हणून प्रोजेस्टेरॉन पडतं. एचसीजीचं अर्धायुष्य दीड दिवसाच्या घरात, याचं मिनिटांचं. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन आजची बातमी सांगतं, एचसीजी बरंचसं कालची. अशा वेळी कमी पातळी हा बहुधा परिणाम असतो, कारण नव्हे. 'वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर' हे ओझं मनावर घेऊन जगणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवं होतं.

मुळात कुणाला द्यायचं

हे थोडक्यात, कारण निकाल स्पष्ट आहेत. ब्रिटनमधून चालवलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत योनीमार्गाने ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं गेलं. २०१५ च्या प्रॉमिस चाचणीत, कारण न सापडलेले वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये, जिवंत बाळाचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६५.८, तर नुसती नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत ६३.३ टक्के होतं. सांख्यिकीदृष्ट्या फरक नाही. २०१९ च्या प्रिझम चाचणीत सुरुवातीच्या काळात रक्तस्राव होत असलेल्या ४,१५३ स्त्रिया होत्या: ७५ विरुद्ध ७२ टक्के, तोही ठाम फरक नाही. पण रक्तस्राव आणि आधीचे तीन किंवा जास्त गर्भपात असं दोन्ही असलेल्यांमध्ये ७२ विरुद्ध ५७. यावरून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली सल्ला दिला: आताच्या गर्भारपणात रक्तस्राव आणि पूर्वी गर्भपात अशा दोन्ही गोष्टी असतील, तर हा डोस सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत.

रक्तस्राव नाही, पूर्वी गर्भपात नाही, स्वतःचा पीतपिंड आहे, आणि नुसता रक्तातला एक आकडा 'थोडा कमी' म्हणून औषध सुरू होत असेल, तर मी कोणतं रूप घेऊ याआधी मी ते का घेऊ हे विचारेन.

निचऱ्याची यंत्रणाच वेगळी चालत असेल अशाही काही जणी असतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, किंवा फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं यकृतातली एन्झाइम्स वाढवतात. गोळीचं प्रोजेस्टेरॉन मग आणखी लवकर संपतं. पूर्वीच्या गरोदरपणात पित्ताचा प्रवाह अडून अंगाला तीव्र खाज सुटली असेल तर तेही सांगा. प्रोजेस्टेरॉनचे सल्फेट जोडलेले अवशेष त्या आजारात पित्ताच्या वाटेत अडथळा आणतात, आणि तोंडाने घेतलेल्या गोळीतून असे अवशेष सगळ्यात जास्त तयार होतात.

चुकलेला डोस आणि शेवटचा डोस

पीतपिंड असेल तर एखादी कॅप्सूल विसरली म्हणून रात्र जागून काढायचं कारण नाही. आठवेल तेव्हा ठेवावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तीच. पीतपिंड नसेल तर मात्र लगेच उपचार केंद्राला कळवावं. योनीमार्गाचा आणि तेलाच्या इंजेक्शनचा साठा काही तास सांभाळून घेतो, पण मायक्रोनाइज्ड गोळी विसरली तर सांभाळायला मागे काहीच उरलेलं नसतं.

बंद करण्याची वेळ चक्रावर ठरते. औषधांनी तयार केलेल्या चक्रात साधारणपणे दहा ते बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात, म्हणजे वारेने काम हाती घेतल्यावर पुरेशी सवड ठेवून. रक्तस्रावासाठी दिलेलं सोळा आठवड्यांपर्यंत. काही डॉक्टर हळूहळू कमी करतात, काही एकदम थांबवतात. तोवर वार रोज जेवढं बनवत असते त्यापुढे शेवटच्या कॅप्सूलचा वाटा किरकोळ असतो. मायक्रोनाइज्ड गोळीचा मागमूस दिवसाभरात जातो, डायड्रोजेस्टेरॉनचा तीन दिवसांत, योनीमार्गाचा काही दिवसांत. कुल्ल्यातली तेलाची गाठ मात्र हार्मोन केव्हाच निघून गेल्यावरही बरेच दिवस हाताला लागत राहते. ती लाल झाली, गरम लागली किंवा ताप आला तर दाखवून यावं.